बाईचा दंड आणि समाजाचा दंडक

पुरुषाच्या दंडावर बेटकुळी उठली की लोक ती हात लावून पाहतात, कौतुक करतात. तीच बेटकुळी बाईच्या दंडावर उठली की पाहणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. ही आठी कोठून येते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न या लेखात करायचा आहे. शरीरसौष्ठव हा शहरातल्या सुखवस्तू माणसांचा छंद, त्याचा चळवळीशी संबंध काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. खेळ म्हणून मलाही त्यात फारसे स्वारस्य नाही. परंतु अतिशय पिळदार शरीराची बाई समोर आली म्हणजे माणसे जे बोलतात, त्यात जात, श्रम आणि लिंग या तिन्ही गोष्टी एकदम बोलू लागतात. म्हणून हा विषय आपला आहे असे मला वाटते.

मी वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्याची. अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे हे गाव. कापूस, तूर आणि सोयाबीनच्या हंगामावर जगणारे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आज एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. मागे एकदा ‘देह आणि संस्कृती’ हा विषय शिकवताना मी वर्गात एका भारतीय स्त्री शरीरसौष्ठवपटूचे छायाचित्र दाखवले. रुंद खांदे, पिळदार दंड, दगडातून कोरल्यासारख्या मांड्या. क्षणभर वर्ग गप्प झाला. मग जे उमटले ते मी फळ्यावर लिहून काढले. “हे तं गडीच दिसते वो, मॅडम.” “घाण वाटते.” “हिच्याशी लगन कोन करन?” “हिले लेकरं होत असतीन का?” “सुया घेतल्या असतीन.” मागच्या बाकावरून एक शिट्टीही आली. त्याच तासाला मी ‘महाराष्ट्र श्री’ स्पर्धेतल्या एका पुरुषाचे छायाचित्र दाखवले. तेव्हा “भारी आहे” एवढाच एक अभिप्राय मिळाला. पुढे सुटीत गावी गेले असता निंदणावरच्या बायांनाही मी ते पहिले छायाचित्र दाखवले. त्यांचे शब्द निराळे होते, मथितार्थ तोच होता. फक्त एक म्हातारी बराच वेळ चित्र न्याहाळून म्हणाली, “हिच्या घरी खायले लय असन माय.” या एका वाक्याकडे मला पुढे यायचे आहे.

या प्रतिक्रिया वरवर पाहता वेगवेगळ्या आहेत. एकीत ओळखीचा गोंधळ आहे, दुसरीत किळस, तिसरीत लग्न आणि मुलाची काळजी, चौथीत संशय, पाचवीत वासना. परंतु सगळ्यांच्या मुळाशी गृहीतक एकच आहे: बाईचे शरीर हे कोणासाठी तरी असते. ते कोणाचे तरी डोळे निववण्यासाठी, कोणाचा तरी वंश चालवण्यासाठी, कोणाचे तरी काम उरकण्यासाठी असते. हे गृहीतक तपासण्यापूर्वी शरीरशास्त्राच्या चार गोष्टी स्पष्ट करून घेतल्या पाहिजेत, कारण अर्धे गैरसमज तेथेच आहेत.

स्नायू वाढतो कसा? जड वजन पेलताना स्नायूच्या तंतूंवर ताण पडतो. नंतरच्या विश्रांतीत, अन्नातून मिळालेली प्रथिने वापरून, शरीर ते तंतू आधीपेक्षा जाड बांधते. ताण, अन्न आणि विश्रांती या तिन्ही गोष्टी मिळाल्या तरच स्नायू वाढतो. एक जरी कमी पडली तरी वाढ थांबते. ही प्रक्रिया बाईच्या आणि पुरुषाच्या शरीरात सारखीच चालते. फरक आहे तो वेगाचा आणि प्रमाणाचा. टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक स्नायूंच्या वाढीला मदत करते आणि ते पुरुषाच्या रक्तात बाईपेक्षा साधारण पंधरा पट असते. म्हणूनच सहा महिने वजने उचलली की मुलगी ‘गडी’ होईल, ही आईबापांची भीती निराधार आहे. मंचावर दिसणारे ते शरीर वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे असते आणि तेही बारा महिने तसे राहत नाही. स्पर्धेआधी काही आठवडे आहार आवळून अंगावरची चरबी उतरवली जाते, अखेरच्या दिवसांत अनेक जण पाणीही कमी करतात. म्हणून शिरा दोरीसारख्या वर येतात. या काळात काहींची पाळी थांबते. पोटभर अन्न आणि विसावा मिळू लागला की बहुतेकींची ती पुन्हा सुरू होते.

सुयांचा प्रश्नही टाळण्यात अर्थ नाही. या खेळात स्टिरॉइडचा वापर होतो आणि तो घातक आहे. बाईच्या शरीरात ही औषधे गेली की आवाज जाड होतो, चेहऱ्यावर केस येतात. आवाजातला बदल तर औषध सोडल्यावरही सहसा परत फिरत नाही. आपल्या भागातल्या मुलामुलींना हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. पण ही औषधे घेणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत, आणि माझ्या वर्गात पुरुषाच्या छायाचित्रावर सुयांची शंका कोणीही काढली नाही. पुरुषाचा स्नायू मेहनतीचा आणि बाईचा फसवणुकीचा, हा निवाडा पुराव्यावाचूनच झालेला असतो.

आणखी एक गोष्ट या खेळात मला फार बोलकी वाटते. प्रखर दिव्यांखाली गोऱ्या कातडीवर स्नायूंच्या रेषा पुसट दिसतात. म्हणून स्पर्धक मंचावर येण्यापूर्वी अंगाला गडद तपकिरी रंग फासतात. हा रंग बाटलीतून विकत मिळतो. आमच्या पोरींना जन्मापासून जो रंग हळदीने, साबणाने, मलमाने घासून काढायला शिकवले, तोच रंग या मंचावर विकत घ्यावा लागतो, कारण श्रमाची रेषा त्याच रंगावर स्पष्ट उठते. सौंदर्याचे नियम निसर्गाने घालून दिलेले नसतात, ते कोणाच्या तरी सोयीने ठरतात, हे शिकवायला मला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पिळदार दंडाची बाई आपल्या समाजाने कधी पाहिलीच नव्हती काय? माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. पुढे महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून तो अमलात आला, आणि माझ्या आईने त्या कामांवर मातीची घमेली वाहिली. चुंबळीवर गुंड ठेवून पाणी आणणे, जळतणाच्या मोळ्या, सोयाबीनची सोंगणी, कापसाची गाठोडी, हे तर रोजचेच. माझ्या आईच्या दंडाचा स्नायू वळलेल्या सुंभासारखा दिसायचा. त्या दंडाकडे पाहून मुकादमाने कधी म्हटले नाही की बाई, तुझे बाईपण धोक्यात आले आहे. घमेले जड झाले तेव्हा कोणाला तिच्या नाजूकपणाची आठवण झाली नाही. पाच महिन्यांची गरोदर बाई खडी फोडताना दिसली तरी तिच्या मातृत्वाचे काय होणार, असे कोणी विचारत नव्हते.

याचा अर्थ त्या दंडाला मान होता असा नव्हे. त्याच्या वाट्याला तुच्छता होती. ‘राकट’, ‘रासवट’, ‘आडदांड’ हे शब्द आमच्याच बायांसाठी राखून ठेवलेले होते. जातीचे नाव घेऊन दिली जाणारी जी उपमा आहे ती मी येथे लिहीत नाही; वाचकांपैकी अनेकींनी ती ऐकली असेल. दुसऱ्या बाजूला कथाकादंबऱ्यांतल्या आणि चित्रपटांतल्या नायिकेचे हात नाजूक, बोटे निमुळती, चाल मंद. ही नाजूक बाई आकाशातून पडली नव्हती. तिचे पाणी कोणी तरी भरत होते, तिचे दळण कोणी तरी दळत होते, तिच्या शेतात कोणी तरी वाकत होते. एकीचा नाजूकपणा दुसरीच्या दंडावर उभा होता. वरच्या जातीतल्या बाईलाही या नाजूकपणाची किंमत मोजावी लागली, ती घरात कोंडली गेली, हे मी नाकारत नाही. परंतु ‘खरी बाई’ कशी असते याचा जो नमुना समाजाने मान्य केला तो तिचा होता आणि आमच्या आया त्या नमुन्याच्या बाहेर उभ्या होत्या.

समुद्रापलीकडची एक साक्ष येथे आठवते. सोजर्नर ट्रूथ ही गुलामगिरीतून सुटलेली काळी बाई. १८५१ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन येथे स्त्रीहक्क परिषदेत ती बोलायला उभी राहिली. आपले स्नायू कोणत्याही पुरुषाइतके आहेत, आपण नांगरले आहे, कापणी केली आहे, पुरुषाइतके काम ओढले आहे, असे तिने तेथे सांगितल्याची नोंद त्याच वर्षीच्या वृत्तपत्रात आहे. गुलामांच्या मालकांनी तिच्या स्नायूंचा भरपूर उपयोग करून घेतला. बाई म्हणून तिची गणना मात्र केली नाही. या अनुभवाची जात आपल्याला ओळखीची आहे.

तेव्हा बाईच्या ताकदीला समाजाचा विरोध आहे, असे म्हणणे अपुरे आहे. ताकद जोवर दुसऱ्याच्या कामी येते तोवर समाज तिच्याकडे डोळेझाक करतो, तिला हिणवून राबवूनही घेतो. बाई ती ताकद स्वतःची म्हणून चारचौघांत मिरवू लागली की गडबड सुरू होते. हमीदा बानूचे उदाहरण पाहावे. अलीगढची ही पहिलवान १९५० च्या दशकात पुरुष पहिलवानांशी कुस्ती खेळत होती. जो मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन, असे तिने १९५४ साली जाहीर आव्हान दिले. त्या वर्षी बडोद्याला बाबा पहिलवानाशी झालेली लढत तिने १ मिनिट ३४ सेकंदांत जिंकली. परंतु कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या आपल्या कोल्हापुरात तिने एका पुरुष मल्लाला हरवले तेव्हा प्रेक्षकांनी तिच्यावर दगड फेकले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले, असे त्या काळचे वृत्तांत सांगतात. पुण्यात तिची एक कुस्ती कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बंदी ती बाई आहे म्हणून नाही, आयोजकांविरुद्ध तक्रारी आहेत म्हणून आहे, असे उत्तर मिळाले. तिच्या कुस्त्या ठरवून केलेल्या असाव्यात असा संशय तेव्हाही होता, आजही व्यक्त होतो. आणि पुरुषांच्या फडात ठरवून केलेल्या कुस्त्या काही कमी झालेल्या नाहीत. उतारवयात ही बाई कल्याणला दूध विकून राहिली आणि १९८६ साली वारली.

कोल्हापूरच्या दगडांना तीस वर्षे व्हायच्या आत सभ्य जगातही तेच घडले, फक्त दगडांच्या जागी गुण आले. स्त्रियांच्या शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा अमेरिकेत १९७७ साली ओहायोतल्या कँटन गावी झाली. १९८० पासून ‘मिस ऑलिंपिया’ ही स्पर्धा सुरू झाली. १९८३ साली लास वेगास येथील एका स्पर्धेत ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस उतरली. तिच्याइतके स्नायू त्या मंचावर कोणाच्याच अंगावर नव्हते. स्पर्धा स्नायूंची आणि तिचा क्रमांक आठवा! बाईने किती पिळदार व्हावे यावर परीक्षकांत झालेला वाद १९८५ च्या एका माहितीपटात पाहायला मिळतो. तेथे पहिली आलेली कार्ला डनलॅप ही काळी बाई होती आणि त्याच वर्षी ती ‘मिस ऑलिंपिया’ही झाली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. पुढे २००४ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय महासंघाने सूचना काढली की स्त्री स्पर्धकांनी आपले स्नायू २० टक्क्यांनी कमी करावेत. पुरुषांना अशी सूचना कधी गेली नाही. २०१० नंतर कमी स्नायूंचे, उंच टाचांचे, हसऱ्या चेहऱ्याचे नवे गट वाढत गेले. २०१४ नंतर ‘मिस ऑलिंपिया’ बंदच पडली, ती २०२० साली पुन्हा सुरू झाली. ज्या खेळाचे साध्यच स्नायू आहे तेथेही बाईच्या स्नायूला छत घातले गेले.

आपल्याकडे हा खेळ उशिरा आला. मुंबईच्या श्वेता राठोड यांनी २०१४ आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नोकरी करता करता दीपिका चौधरी या व्यावसायिक दर्जा मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून पुढे आल्या. पुरुषांची स्पर्धा ‘मुंबई श्री’ आणि बायांची मात्र ‘मिस मुंबई’. मराठीला तिच्यासाठी स्वतःचा शब्द अजून सापडलेला नाही. बळकट बाईचे कौतुक करायचे तर ‘मर्दानी’ म्हणावे लागते, निंदा करायची तर ‘पुरुषी’. दोन्ही शब्दांत बळाचा मालक पुरुषच असतो.

यावर असे म्हटले जाईल की आता काळ बदलला आहे. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली कनिष्ठ गटाच्या जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, पहिल्यांदाच एका भारतीयाने जिंकले, आणि गावाने तिला डोक्यावर घेतले. पुरुषांची ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ पासून होत होती; बायांची २०२३ साली सांगलीत झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. बदल आहेच. पण त्याची अट नीट पाहावी. पदक आले की ती देशाची लेक होते आणि तिचे खांदे माफ होतात. शरीरसौष्ठव करणाऱ्या बाईजवळ अशी सबब नसते. तिचा दंड धन्याचे घमेले उचलत नाही, देशाचा झेंडाही रोज उचलत नाही. तो कोणाच्याच कामाचा नसतो, फक्त तिचा असतो. सगळ्यांत जास्त राग याच गोष्टीचा येतो.

पदक आले तरी बाई सुरक्षित असते असेही नाही. तामिळनाडूतल्या वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांची मुलगी सांती सौंदरराजन २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत दुसरी आली. लगेच तिची लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतले गेले, आणि तिच्या शरीराची चर्चा देशभरच्या वर्तमानपत्रांनी केली. पुढे ती प्रशिक्षक झाली, पण ते पदक परत आले नाही. “हे तं गडीच दिसते” हे वाक्य वर्गात हशा पिकवते; क्रीडासंस्थेच्या हातात पडले की ते एखाद्या गरीब मुलीचे आयुष्य मोडू शकते.

मुलाबाळांच्या काळजीचेही असेच आहे. व्यायामाने बाईचे गर्भाशय बिघडते, असे मला अनेक शिकल्यासवरल्या माणसांनी सांगितले. ज्या राज्यात ही काळजी वाहिली जाते त्याच राज्यात २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडला तर मजुरी बुडते आणि दंड बसतो, म्हणून पाळीच नको, ही या बायांची जुनी कैफियत आहे. व्यायामाच्या नावाने गर्भाशयाची चिंता करणारे समाजाचे मन तेव्हा कोठे होते?

आता आपल्याच घरातून येणाऱ्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो हलका नाही. स्पर्धेचा पोशाख तोकडा असतो. कार्यकर्ते म्हणतात, तमाशाच्या बोर्डावर, मुरळी म्हणून देवाच्या दारात आमच्या बायांची शरीरे गावाने पाहिली, वापरली. त्यातून सुटण्यासाठी बाबासाहेबांनी आम्हाला उभे केले, आणि आता पुन्हा अंगप्रदर्शन? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितले होते की, तुमच्या नेसण्यावरून, कोपरापर्यंतच्या दागिन्यांवरून जात ओळखली जाते, त्या खुणा टाकून द्या. शरीरावर जात लिहिलेली असते आणि ती पुसता येते, हा त्या उपदेशाचा गाभा आहे. त्याच कसोटीवर हा पोशाख तपासावा. ज्या बाईला आपले शरीर दाखवण्यावाचून पर्याय नाही तिची गोष्ट वेगळी, आणि जिने ते दहा वर्षे घडवले आणि तिच्याच अटीवर दाखवले तिची वेगळी. अर्थात अटी सर्वस्वी तिच्या नसतात हेही खरे. बाजार तेथेही उभा आहे, परीक्षकही आहेत. उद्या एखाद्या संघटनेने मुलींची स्पर्धा पूर्ण पोशाखात घेतली, तरी मला आनंदच वाटेल. माझा आग्रह पोशाखासाठी नाही, दंडासाठी आहे.

त्या म्हातारीचे वाक्य आता पाहू. हिच्या घरी खायला भरपूर असेल, असे ती म्हणाली. माझ्या वर्गातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना जे दिसले नाही ते निंदणावरच्या निरक्षर बाईला दिसले. तिने त्या शरीरात बाई पाहिली नाही, गडी पाहिला नाही, अन्न पाहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला ४२ ग्रॅमच्या आसपास. स्नायू वाढवायचे तर हे प्रमाण १.४ ते २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ७० ते १०० ग्रॅम लागते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. भाकर, ठेचा आणि पातळ वरणावर हा हिशेब जुळत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसले. मेलेल्या जनावराचे मांस आपण स्वाभिमानाने सोडले. परंतु ताजे, स्वस्त मांस २०१५ साली बैलांच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा गरिबाच्या ताटातून गेले, आणि तो निर्णय घेताना कोणी आपल्याला विचारले नव्हते.

आईचा दंड सुंभासारखा का राहिला, याचे उत्तर येथे मिळते. ताण तिला पुरेपूर मिळाला. अन्न आणि विश्रांती मिळाली नाही. व्यायामशाळेत स्नायू वाढतो, मजुरीत तो झिजतो. त्यामुळे कष्टकरी बाईच्या शरीराचे नुसते गोडवे गाणे ही मला फसवणूक वाटते. विश्रांतीची मागणी आपल्या बायांनी फार पूर्वी केली आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली होती. तिच्या ठरावांत गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायांना पगारी रजा मिळावी, अशी मागणी होती. रजा म्हणजे शरीर परत आपल्या ताब्यात घेण्याचा दिवस. त्या बायांना हे कोणी समजावून सांगावे लागले नव्हते.

आणि आज? आमच्या भागात पहाटे रस्त्याने मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर धावावे लागते, चार किलोचा गोळा फेकावा लागतो. माझी एक विद्यार्थिनी गोळा चांगला फेकायची. दोन वर्षांच्या सरावाने तिचे खांदे भरले, मान ताठ झाली. मग एक स्थळ आले आणि ‘पोरगी आडदांड दिसते’ म्हणून परत गेले. घरच्यांनी गोळा माळ्यावर टाकला. त्यानंतरच्या भरतीला ती उतरली नाही. तिच्या घरात कोणी वाईट माणूस नव्हते. फक्त पाहुण्यांचे एक वाक्य सरकारी नोकरीपेक्षा जड ठरले. शरीरसौष्ठवाच्या मंचावर आपल्या किती मुली जातील ते मी सांगू शकत नाही. फार थोड्या जातील. परंतु त्या मंचावरच्या बाईला पाहून आपण जे बोलतो, तेच पाहुण्यांच्या तोंडून बाहेर पडते आणि भरतीच्या मैदानावरून मुलगी परत आणते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे सरळ आहे. विहारात, समाजमंदिरात जेथे व्यायामाची साधने आहेत तेथे मुलींसाठी वेळ राखून ठेवा आणि त्या वेळी तेथे एक जाणती बाई उभी राहील असे पाहा. घरात अंडे आले तर ते आधी पोराच्या ताटात का जाते, याची चर्चा घरातच करा. वर्गात मुलीला कोणी ‘गडी’ म्हणून हसले तर तो शब्द फळ्यावर लिहा आणि त्याचा इतिहास सांगा. वधूपरीक्षेत खांद्यांची मापे काढणाऱ्यांना दारातच उत्तर द्या. आणि औषधाच्या सुया विकणारा गावात आला तर मुलांना आणि मुलींना सारखेच सावध करा. आमच्या आयांच्या दंडांनी शंभर घरे उभी केली. आमच्या मुलींच्या दंडांनी त्यांची स्वतःची आयुष्ये उभी करावीत, इतकेच मागणे आहे.